शेवंतीला रात्र लागते
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत सोसायटीनं काय काय केलं ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मला मिळालेली दहा मिनिटं मी गेटजवळच्या शेवंतीच्या कुंड्यांवर घालवणार आहे. हसू नका, मागच्या सभेत याच कुंड्यांवर पाऊण तास गेला होता. "दोन वर्षं नुसता पाला, टाकून द्या" असं ठरायला आलं, तेव्हा कुंड्या लावणाऱ्या तळमजल्यावरच्या आजी काही न बोलता उठून गेल्या.

कुणी मातीला दोष दिला, कुणी बोअरच्या पाण्याला, कुणी हायवेच्या धुराला. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून सांगतो, दोष दिव्याचा आहे.

शेवंती ही झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातली, पण कळी धरायला तिला मोठी रात्र लागते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा. पावसाळा सरताना रात्र वाढते, ते पानांना कळतं आणि शेंड्यावर कळी येते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दिवसाच्या लांबीचं हे गणित मांडलं. शेवंतीची शेती करणारे आज त्यावरच चालतात. फूल उशिरा हवं तर रात्री दिवे लावायचे, लवकर हवं तर संध्याकाळीच काळं कापड ओढायचं. आपण दोन वर्षांपूर्वी गेटवर मोठा एलईडी बसवला. तेव्हापासून त्या कुंड्यांना रात्र झालेलीच नाही. आजींनी त्यातलीच एक काशी बी विंगमध्ये दिली होती, ती मागच्या अंधाऱ्या बाल्कनीत डिसेंबरात पिवळीधमक झाली. माती तीच, पाणी तेच.

म्हणून दिवा बंद करा असं मी म्हणणार नाही. चारोटी नाक्यावर रात्री उशिरा बसमधून उतरून येणाऱ्या मुली आपल्याकडे आहेत. पावसात घोणस, मण्यार निघतात ते वेगळंच. दिवा राहू दे, कुंड्या हलवू. पाण्याच्या टाकीमागे पाच-सहा तास ऊन असतं आणि रात्री काळोख.

बाकी निगा फार नाही. फुलं संपली की झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटायचं. महालक्ष्मीच्या जत्रेपर्यंत बुडातून नव्या काश्या वर आलेल्या असतात. मुळासकट काढून मे-जूनमध्ये त्या वेगळ्या लावायच्या. खरी परीक्षा आपल्या पावसाची. शेवंतीला ओल चालते, साचलेलं पाणी चालत नाही, दोन दिवसांत मुळं कुजतात. कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे, मातीत शेणखत आणि भरपूर वाळू, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुंडी छज्जाखाली. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटून झुडूप भरतं. हा मोह मात्र आवरावा लागतो. गणपती बसले की शेंड्याला हात लावायचा नाही, नाहीतर येणारी कळीच आपण खुडतो. मावा पडला तर निंबोळी अर्क फवारा. फुलांच्या भारानं झाड वाकतं, त्याला कारवीची काठी पुरते. कुडाच्या भिंतींना वापरतात तीच. बाजारातून हिरव्या प्लॅस्टिकच्या कांड्या आणायची गरज नाही.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेवंतीचा भाव काय होतो ते इथल्या भगिनींना मी सांगायला नको. कुंड्या आत्ता हलवल्या तर यंदा घटासमोर आजींची फुलं ठेवता येतील. कमिटीकडे माझी मागणी एवढीच की 'टाकून द्या' हा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेतून काढावा. टाकीमागे दोन स्कूटर उभ्या असतात. त्यातली एक माझी, ती उद्या सकाळी हलवतो. दुसरी कुणाची ते त्यांना ठाऊक आहे.