गाडीचे प्लग आपल्या हाताने



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, अर्थसंकल्प झाला, पश्चिम घाटही झाला. आज स्पार्क प्लग. निमंत्रण द्यायला आलेल्या कार्यकर्त्यांनी विषय नक्की हाच ना, असे पुन्हा विचारून घेतले होते. नोकरीभर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नसावी.

एक काळ असा होता की प्लग साफ करता न येणाऱ्याने स्कूटर घेऊच नये. चेतक टू-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले, त्यामुळे प्लग तेलकट काजळीने भरायचा. भर पावसात स्कूटर बंद पडली की डिकीतून प्लगपाना निघायचा, पॉलिश पेपरने टोक घासायचे, फुंकर मारायची, प्लग बसवायचा आणि किक मारायची. बँकेतले साहेब, शाळेतले गुरुजी, सगळ्यांना हे येत असे. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली पद्मिनी मोटार ज्यांच्या दारात होती, त्यांचीही रविवार सकाळ प्लग आणि पॉइंट साफ करण्यात जायची.

पुढे फ्युएल इंजेक्शन आले, प्लग टिकाऊ झाले, इंजिनावर प्लास्टिकचे झाकण आले आणि मालकाचा हात बोनेटखाली जायचा थांबला. आज दहा-बारा लाखांची गाडी घेणाऱ्याला बोनेटचा खटका कुठे आहे हे शोधावे लागते. पण त्या झाकणाखाली काम तेच आहे. १८६० मध्ये पॅरिसला एतिएन लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्डने उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा प्लग तयार केला. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली आणि ‘मायको’ हे नाव गॅरेजागॅरेजात पोहोचले. या सगळ्या काळात प्लगची मूळ रचना फारशी बदललेली नाही: मधे एक धातूची कांडी, तिच्याभोवती पांढरी चिनी माती, बाहेर आटे पाडलेले लोखंडी कवच आणि टोकाशी वाकवलेला एक दांडा. कांडी आणि दांडा यांच्यात एक मिलिमीटरच्या आसपास फट. ठिणगी पडते ती तिथे.

त्या फटीवर किती काम पडते पाहा. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ठिणगी लागते. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते आहे असे धरू. म्हणजे मिनिटाला १००० ठिणग्या आणि त्याच मिनिटात एक किलोमीटर. किलोमीटरला हजार ठिणग्या! १० हजार किलोमीटरला एक कोटी. प्रत्येक ठिणगी धातूचा अगदी सूक्ष्म कण उडवते. कडा गोल होतात, फट वाढते. वाढलेली फट ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावे लागते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार करणारी ती कॉइल मग तापते आणि एके दिवशी बसते. काही शेकड्यांचा प्लग वेळेवर न बदलल्याने काही हजारांची कॉइल जाते, ती अशी.

साधे निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियम किंवा प्लॅटिनमचे ८० हजार ते लाखापर्यंत. गाडी सीएनजीवर असेल तर लवकर पाहावे, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते. डिझेलवाल्यांनी आज निवांत ऐकावे. त्यांच्या गाडीला स्पार्क प्लगच नसतो.

आता प्रत्यक्ष काम. चार सिलिंडरची, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेली साधी पेट्रोल गाडी डोळ्यांपुढे ठेवा. प्लगचा नंबर गाडीच्या पुस्तिकेतून घ्या, दुकानदाराच्या ‘हाच बसतो’वरून नको. आटे तेच असूनही प्लगची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता वेगळी असू शकते. प्लगचे टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे. त्याहून थंड राहिले तर काजळी जळून जात नाही, फार तापले तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते. शिवाय एनजीकेच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या क्रमांकात आकडा वाढला की गरम. नुसत्या आकड्यावरून जुळवाजुळव केली की फसगत ठरलेली. नकली मालही बाजारात भरपूर आहे, तेव्हा खात्रीचे दुकान गाठा.

इंजिन पूर्ण थंड हवे. हेड अॅल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते आणि गरम हेडमधून प्लग काढताना आटे सोलून निघू शकतात. वरचे झाकण काढा. कॉइलचा कनेक्टर त्याची कडी दाबून सोडवा. वायरीला धरून ओढू नका. बहुतेक गाड्यांत १० नंबरचा एक बोल्ट असतो. तो काढून कॉइल थोडी फिरवा आणि सरळ वर घ्या. एका वेळी एकच सिलिंडर.

खाली खोल विहीर दिसेल, तळाशी प्लग. पाना घालायच्या आधी तिथे हवा मारा. आपल्या रस्त्यांची धूळ, गाडी धुताना गेलेले पाणी, वाळकी पाने, सगळे तिथे साठते. प्लग निघाला की तो कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. मग प्लगची गोटी, म्हणजे सॉकेट, घालून पाव फेरा सोडवा. घट्ट वाटला तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबा, थोडा पुढे-मागे करत काढा. तरीही हलत नसेल तर काम तिथेच थांबवा आणि गॅरेजला जा. जोर लावून प्लग तुटला तर हेड उतरवावे लागू शकते.

निघालेले चारही प्लग वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा: एक, दोन, तीन, चार. मला आज खरे सांगायचे आहे ते इथे. ज्वलनाच्या खोलीत राहून आलेला आणि घरच्या अवजारांनी बाहेर काढता येणारा हा एकच भाग आहे. पिस्टन तुम्हाला पाहता येत नाही, व्हॉल्व्ह पाहता येत नाहीत. त्यांच्या शेजारी कोट्यवधी वेळा पेटलेला प्लग मात्र तुमच्या हातात आहे.

आतल्या टोकाची चिनी माती फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर पाहा. घरातून मंडई आणि मंडईतून घर, एवढीच गाडी चालत असेल तरीही असे होते, कारण टोक पुरेसे तापतच नाही. पांढरे पडून फोड आलेले टोक म्हणजे इंजिन जास्त तापते आहे किंवा मिश्रण पातळ आहे. तेलकट काळे टोक म्हणजे ऑइल पिस्टनच्या रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून आत येते आहे. अलीकडच्या गाड्यांत मिश्रणावर संगणकाचे लक्ष असते, त्यामुळे रंग पूर्वीइतके बोलके नसतात. म्हणून एका प्लगपेक्षा चौघांची तुलना महत्त्वाची. चारही सारखे काळे असतील तर कारण सगळ्या इंजिनाचे आहे. तीन चांगले आणि तिसऱ्या नंबरचा एकटाच काळा असेल तर दोष तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरमध्ये, कॉइलमध्ये किंवा रिंगांमध्ये शोधायचा. प्लगांची सरमिसळ झाली की ही माहिती गेली.

तेल दिसले की माणसे घाबरतात. ते कुठे आहे ते पाहा. प्लगच्या बाहेरच्या अंगाला, विहिरीत तेल असेल तर टॅपेट कव्हरचे किंवा प्लगच्या नळीचे पॅकिंग गेले आहे, खर्च थोडका. तेल आतल्या टोकावर असेल तर इंजिनाचे काम निघू शकते. दोन्हींच्या बिलांत आकाशपाताळाचे अंतर आहे. आणखी एक: कवचाच्या वर, चिनी मातीवर तपकिरी वलय दिसते. पुष्कळजण त्याला गॅसगळती समजतात. उच्च व्होल्टेजमुळे ओढले गेलेले तेलाचे कण तिथे चिकटतात, इतकेच. प्लग त्यामुळे बाद होत नाही.

नवा प्लग बसवण्यापूर्वी फिलर गेजने फट तपासा. इरिडियमची कांडी सुईसारखी बारीक असते. तिच्यावर गेज दाबू नका. फट चुकीची असेल तर प्लग परत करा. मग गोटीला फक्त एक्स्टेंशन लावा, दांडा लावू नका, आणि प्लग अलगद विहिरीत सोडा. आधी उलटा फिरवा. बोटांना बारीक ‘टक’ जाणवेल, आट्याचे तोंड जुळले. आता सरळ फिरवा. पहिले अनेक फेरे बोटांनी, विनासायास जायला हवेत. अडखळला तर बाहेर काढा, पुन्हा सुरुवात करा. पाना लावून तिरका प्लग आत ढकलला की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच.

बोटांनी टेकल्यावर किती आवळायचे? टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा. १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला तो बहुधा २५ ते ३० न्यूटन-मीटर असतो, १२ मिलिमीटरला १५ ते २०. नसेल तर वॉशर असलेल्या नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बुडाच्या प्लगला जेमतेम सोळावा हिस्सा. आट्यांना ग्रीस लावू नका. मुलामा दिलेल्या नव्या प्लगला त्याची गरज नसते आणि ग्रीसमुळे प्लग नकळत जास्त आवळला जातो. कॉइल दाबून बसवा, बोल्ट लावा, कनेक्टर खट्ट वाजेपर्यंत सरकवा. मग पुढचा सिलिंडर.

गाडी सुरू करा. मिसिंग मारत असेल तर तशीच दामटू नका, आधी कनेक्टर पाहा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते, आणि तो भाग फार महाग आहे.

कुणी म्हणेल, मेकॅनिक आहेत की. आहेत, आणि त्यातले बरेच माझे विद्यार्थी आहेत! वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. इनटेक मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय प्लग दिसत नाहीत अशा गाडीलाही लावू नका. मजुरी वाचते हा या कामाचा छोटा फायदा. मोठा फायदा असा की पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘गाडी पिकअप घेत नाही’ एवढेच सांगून गप्प बसण्याऐवजी ‘तिसऱ्या नंबरचा प्लग तेलकट आहे, कॉम्प्रेशन पाहा’ असे तुम्ही सांगाल. जाणकार गिऱ्हाईक चांगल्या मेकॅनिकला नकोसे होत नाही. अंदाजाने भाग बदलणाऱ्याला मात्र ते अडचणीचे वाटते.

ज्यांना हे काम स्वतः करायचे नाही, त्यांनीही एवढे करा. पुढच्या सर्व्हिसिंगला प्लग बदलले जातील तेव्हा जुने चारही प्लग, क्रम न मोडता, मागून घ्या आणि उजेडात नीट पाहा. ते तुमचेच आहेत. त्यांचे पैसे तुम्ही भरलेले आहेत.