क्षणाचा आघात आणि धातूचें बळ

लोखंडाची तार किती बळकट आहे हें पाहावयाचें झाल्यास आपण काय करूं? ती टांगून खालीं वजनें वाढवीत जाऊं, आणि ज्या वजनानें ती तुटेल तें तिचें बळ म्हणूं. यांत चूक कांहींच नाहीं. पण तेंच वजन हळूच न लावतां उंचावरून सोडलें, तर हा हिशेब लागू पडत नाहीं.

इ. स. १८७२ मध्यें जॉन हॉप्किन्सन या इंग्रज शास्त्रज्ञांनीं एक लोखंडी तार वरच्या टोकाशीं घट्ट आवळून उभी टांगली आणि तिच्यावरून सरकत येणारें वजन खालच्या टोकाच्या अडसरावर आदळूं दिलें. सामान्य तर्काप्रमाणें तार आघात झाला तेथेंच, म्हणजे खालीं, तुटावयास हवी. पण ती तुटे वरच्या टोकाशीं! शिवाय वजन किती जड आहे यापेक्षां तें किती उंचीवरून पडलें, यालाच अधिक महत्त्व असल्याचें दिसून आलें.

याचें कारण असें कीं, आघाताची वार्ता साऱ्या तारेला एकदम कळत नाहीं. ती लाटेच्या रूपानें, सेकंदाला सुमारें ५ किलोमीटर वेगानें, धांवत जाते. आरंभींचा ताण आदळणाऱ्या वजनाच्या वेगावर ठरतो. आणि वरच्या बद्ध टोकाशीं लाट परततांना येती व जाती लाट एकमेकींत मिळून तेथील ताण जवळजवळ दुप्पट होतो.

जॉन यांचे चिरंजीव बर्ट्राम यांनीं १९०५ मध्यें वडिलांचा प्रयोग पुढें चालविला. एरव्हीं ज्या ताणानें तार कायमची लांबेल किंवा तुटेलहि, त्याहून अधिक ताण ती सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता निमूटपणें सोसते, असें त्यांना आढळलें. १९१४ मध्यें त्यांनीं टांगलेल्या पोलादी दांड्याच्या एका टोकावर स्फोटाचा किंवा गोळीचा आघात केला. दुसऱ्या टोकाला चिकटविलेला लहानसा तुकडा तत्काळ उडून गेला. कारण दाबाची लाट मोकळ्या टोकावरून ताणाची लाट होऊन परतते. याच कारणानें चिलखती पत्र्याला बाहेरून भोंक न पडतांहि आंतला पापुद्रा सुटून आडोशास बसलेल्या माणसाचा प्राण घेऊं शकतो.

मग धातु क्षणापुरता अधिक बळकट कां होतो? धातूंतील अणूंच्या रचनेंत जागोजाग सूक्ष्म दोष असतात. ते सरकतात तेव्हां धातु वांकतो. वाटेंतले अडथळे ओलांडण्यास त्यांना अणूंच्या उष्णताजन्य कंपनांचें साहाय्य लागतें, आणि त्या साहाय्याची वाट पाहण्यास वेळ लागतो. आघात तो वेळच देत नाहीं. लोहार लोखंड तापवून घण घालतो, तो या साहाय्याच्या भरंवशावरच.

पण वेग पराकोटीला गेला म्हणजे हाच मित्र उलटतो. २०२४ मध्यें इयान डाउडिंग व ख्रिस्तोफर शू यांनीं लेझरच्या जोरावर उडविलेले अतिसूक्ष्म कण तांब्यावर आदळविले. तांब्याचें तापमान १५७ अंशांनीं वाढवितां तें नरम न पडतां सुमारें ३० टक्क्यांनीं अधिक कणखर झाल्याचें दिसलें! येथें अडथळे ओलांडण्यास आघाताचाच जोर पुरतो. उलट अणूंचीं वाढलेलीं कंपनें सरकत्या दोषांना, गर्दींतून धांवणाऱ्या माणसाप्रमाणें, मागें खेंचतात.

श्रोतेहो, हा केवळ प्रयोगशाळेंतील विनोद नव्हे. मोटारीची टक्कर असो, कीं विमानाच्या यंत्रांत शिरलेला पक्षी असो, माणसाचें जगणें अशा सेकंदाच्या हजारांशावर अवलंबून असतें. १९४९ मध्यें कोल्स्की यांनीं दोन लांब दांड्यांमध्यें धातूचा लहान तुकडा धरून त्याची परीक्षा घेण्याची रीत प्रसिद्ध केली. बर्ट्राम यांच्या दांड्यापासून निघालेली ती रीत आजहि जगभर चालू आहे. धातूला "तुझें बळ किती?" एवढेंच विचारून भागत नाहीं, "किती वेळांत?" हेंहि विचारावें लागतें.