द्राक्षाला थांबता येते तेव्हा



एक दिवस काढून तासगाव-पलूसकडचे द्राक्षमळे पाहून यावे, असे आम्ही आपणांस सुचवितो. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडलेली 'तास-ए-गणेश' जात याच मातीतली. वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलची काडीसाठी, ऑक्टोबरची फळासाठी. एवढा खर्च करून पिकलेला घड मात्र वेलीवर फार दिवस थांबत नाही. व्यापारी हे जाणतो, म्हणून भाव तोच ठरवितो.

शासनाच्या २००१ च्या वाइन धोरणानुसार पलूसला वाइन पार्क झाले. परंतु वाइनची द्राक्षे निराळ्या जातींची. खाण्याच्या द्राक्षाला खरा आधार बेदाण्याचा. घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत सुकवितात. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, आणि तो शीतगृहात महिनोन् महिने टिकतो. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

बेदाण्याचाही भाव पडतो, हे खरे. तथापि 'आज देत नाही' असे शेतकऱ्याला म्हणता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून मळे पाहावयास जाल, तेव्हा बेदाण्याची शेडही अवश्य पाहा, एवढीच आमची विनंती.