व्हिएन्नातला मोकळा रविवार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काकांनी मला सांगितलंय, "युरोपात काय पाहिलंस ते दहा मिनिटांत सांग." दहा मिनिटांत युरोप उरकत नाही, म्हणून मी एकाच दिवसाबद्दल बोलते.

मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. गेल्या मे महिन्यात आमच्या कॉलेजची अभ्यास सहल गेली होती. आम्ही बावीस जण आणि दोन सर. रोज सकाळी आठला बाहेर, चर्च, म्युझियम, पुन्हा चर्च. सगळ्या सहलीत फक्त एक दिवस मोकळा, तो व्हिएन्नाचा, आणि तो नेमका रविवारी आला. खरेदीच्या याद्या तयार होत्या, पण तिथे रविवारी दुकानं बंद! मॉलसुद्धा. काही मैत्रिणींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मग गट पडले. बरेच जण शोनब्रुन राजवाड्याला निघाले. मला आणि आणखी तिघांना कार्ल मार्क्स होफ बघायचं होतं. नावावरून घाबरू नका, ती राहायची इमारत आहे. गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणं मेट्रोच्या एकाच लाइनवर, यू-फोरवर. ते एका दिशेला गेले, आम्ही उलट्या दिशेला, शेवटच्या हायलिगेनश्टाट स्टेशनपर्यंत. स्टेशनावर फाटकं नाहीत. तिकिटावर आपणच मशीनमध्ये शिक्का मारायचा आणि आत जायचं. डोंबिवलीकराला हे पचायला वेळ लागतो.

स्टेशनाबाहेर आलं की समोरच ती इमारत. लांबी एक किलोमीटरपेक्षा जास्त! मोठमोठ्या कमानी, त्यांच्यावर मनोरे. कमानींखालून लोक पिशव्या घेऊन, कुत्री घेऊन आरामात ये-जा करत होते. १९२७ ते १९३० या काळात व्हिएन्ना महापालिकेने ती बांधली, आर्किटेक्ट कार्ल एन. घरं १,३८२. संध्याकाळी हॉस्टेलवर भेटलो तेव्हा शोनब्रुनवाले सांगत होते की राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. एकाच मेट्रो लाइनवर एवढ्या खोल्या एका राजघराण्याच्या आणि जवळपास तेवढीच अख्खी घरं कामगारांची. मला तो दिवस त्या दोन आकड्यांमुळे लक्षात राहिलाय.

आत एका जुन्या धुलाईघरात छोटं म्युझियम केलंय, ते रविवारी दुपारी उघडं असतं. तिथे कळलं की त्याआधी व्हिएन्नाचे कामगार कसे राहायचे. एका खोलीत अख्खं कुटुंब, वर भाड्याने खाट घेतलेला एखादा परका माणूस. संडास बाहेर, सामाईक. पाणीही बाहेरच, कॉरिडॉरमधल्या एका नळावर. त्या नळाला ते 'बासेना' म्हणायचे, आणि बायकांच्या गप्पा नि भांडणं सगळी तिथेच. क्षयाला तर 'व्हिएन्नाचा आजार' असंच नाव पडलं होतं.

हे वाचताना मला आमची आजी आठवली. तिची पंचवीस वर्षं गिरगावच्या चाळीत गेली. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. बासेनाचं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आमचाच नळ की गं!" मग तिने विचारलं, "कपडे वाळत घालायला जागा आहे का?" आहे, आजी. सामाईक धुलाईघरं होती, न्हाणीघरं होती, बालवाड्या होत्या, लायब्ररी होती. घरं मात्र लहान, बरीचशी आपल्या वन बीएचकेपेक्षाही लहान. पण पाणी आणि संडास घरात. आजीला एवढंच पुरेसं होतं.

पैसा कुठून आला? १९२३ मध्ये महापालिकेने घरबांधणीचा वेगळा कर लावला. जेवढं मोठं घर, तेवढा चढा कर. असल्या इमारतींच्या भिंतींवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही या करातून बांधली. आपल्या गेटवर कोनशिला आहे ना, तसंच. फरक एवढाच की तिथले लोक मालक नाहीत, महापालिकेचे भाडेकरू आहेत. आजही महापालिकेकडे सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. सगळं गोडगोडच होतं असंही नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये यादवी झाली तेव्हा सरकारी सैन्याने या इमारतीवर तोफा डागल्या. आत माणसं राहत होती. स्टेशनासमोरच्या चौकाला आता १२ फेब्रुवारीचं नाव आहे.

पण मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो अंगणात. एवढ्या प्रचंड जागेतल्या एक पंचमांशापेक्षाही कमी भागावर बांधकाम आहे, बाकी सगळी मोकळी. झाडं, बाकं, वाळूत खेळणारी पोरं. आम्ही बाकावर बसून उरलेले थेपले खाल्ले आणि नळाचं पाणी प्यायलो. ते पाणी आल्प्सच्या झऱ्यांमधून थेट शहरात येतं. टँकरवाल्यांना हे सांगू नका. एका ठिकाणी पाटी होती. आमच्यातल्या एकाला जर्मन येतं, त्याने वाचली: 'चेंडू खेळण्यास मनाई'. बी विंगच्या भिंतीवरची आपली पाटी आठवून मी इतकी हसले की शेजारच्या बाकावरच्या आजी वळून बघायला लागल्या. कारण सांगितल्यावर त्याही हसल्या. म्हणाल्या, "पाटी आहे, पण कोण ऐकतंय?"

आता आपल्याकडे वळते. मागच्या मैदानावर सव्वीस गाड्यांचं पार्किंग करायचा विषय पुढच्या सभेत आहे. मी सभासद नाही, मला मत नाही, आणि गाड्या रस्त्यावर लावून काकांना दंड भरावा लागतो हेही मला माहीत आहे. आमचीही गाडी त्यातलीच. परत आल्यावर मी आपल्या कंपाउंडची मापं घेतली. पूर्वेच्या भिंतीलगत तिरप्या लावल्या, तर मैदानाला आणि दोन्ही आंब्यांना हात न लावता पंधरा गाड्या बसतात. अकरा उरतात. त्यांचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून नकाशात तेवढी जागा कोरी ठेवलीय.

नकाशा ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लावलाय. कुणाला मापं तपासायची असतील तर टेप घेऊन या. मी रविवारी घरीच असते, ए विंग, तिसरा मजला.