गोष्टीचा धनी कोण?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘साहित्य आणि नवी पिढी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. विषय विद्वानांचा आहे. माझे शिक्षण म्हणावे तर अकरावीची मॅट्रिक आणि अध्यापनाची पदविका, आणि सारी हयात प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेली. तेव्हा साहित्याची चर्चा समीक्षकांकडे सोपवून, मी आपल्यापैकीच एका गृहस्थांनी मला विचारलेल्या प्रश्नापुरते बोलणार आहे. ते गृहस्थ सभागृहात उपस्थित आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी ते माझ्या घरी आले आणि म्हणाले, “गुरुजी, मुलगी रात्री बारा-बारापर्यंत मोबाईलवर काहीतरी लिहीत असते. विचारले तर म्हणते, कादंबरी लिहिते, रोज एक भाग. कोण कुठले लोक ती वाचतात आणि पुढचा भाग कधी म्हणून विचारतात. मोबाईल काढून घ्यावा म्हणतो. तुम्ही तिला चार गोष्टी सांगा.” मी त्यांच्याकडे मुदत मागून घेतली. कारण मोबाईलवर कादंबरी लिहितात हेच मला नवे होते, आणि जे आपणांस ठाऊक नाही त्यावर उपदेश करण्याची खोड शिक्षकांस फार असते.

चौकशी करता असे समजले की बंगळूर येथे सन २०१४ मध्ये ‘प्रतिलिपि’ नावाची एक संस्था निघाली. तिच्या ठिकाणी मराठीसह अनेक भारतीय भाषांत कोणालाही आपली कथा विनामूल्य प्रसिद्ध करता येते. संपादक नाही, साभार परत नाही, टपालखर्च नाही. आज आपल्या घरांतील कितीतरी सुना-मुली स्वयंपाक आटोपल्यावर तेथे लिहितात, आणि पुष्कळजणी टोपणनावाने लिहितात. टोपणनाव का घ्यावे लागते, हे या सभागृहातील पुरुषमंडळींनी आपल्या मनाशी विचारून पाहावे.

परदेशी याहून पुढची मजल गेली आहे. अमेरिकेत अँडी वीअर नावाचे एक गृहस्थ आहेत, ते तेव्हा संगणकाचे कारागीर होते. पूर्वी एक कादंबरी लिहून प्रकाशनासाठी त्यांनी बरीच खटपट केली होती, पण कोणी दाद दिली नाही. सन २००९ पासून त्यांनी आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर एक नवी कथा एकेक प्रकरण करून फुकट देण्यास आरंभ केला. मंगळ ग्रहावर एकटाच मागे राहिलेला अंतराळवीर, बटाटे पिकवून कसा जगतो, अशी ती कथा. नेमाने वाचणारे सुमारे ३००० होते. त्यांत काही रसायनशास्त्र जाणणारेही निघाले, आणि गणित किंवा रसायन चुकले की ते कळवीत व लेखक दुरुस्त करीत. आपल्याकडे तांडापेठेत लुगडे मागावरून उतरले की शेजारचा म्हातारा आधी बोटाने पोत पाहून चूक सांगत असे, व्यापारी नंतर. त्यातलाच हा प्रकार. पुढे वाचकांच्या आग्रहावरून त्यांनी ती अ‍ॅमेझॉनच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांत घातली. तेथे फुकट ठेवता येईना, म्हणून कमीत कमी किंमत लावली, एक डॉलरला एक सेंट कमी. तीन महिन्यांत ३५,००० प्रती गेल्या. मग मोठे प्रकाशक आपण होऊन आले. सन २०१४ मध्ये छापील पुस्तक निघाले आणि २०१५ मध्ये रिडली स्कॉट यांनी ‘द मार्शियन’ हा चित्रपट काढला. (पुस्तकात एक अधिकारी वेंकट कपूर या नावाचा आहे. पडद्यावर जाताना त्याचा व्हिन्सेंट कपूर झाला. चित्रपटाच्या वाटेवर नावेसुद्धा गळतात, एवढे या निमित्ताने लक्षात ठेवावे.)

वेल्समधील बेथ रीकल्स हिची हकीकत मला शिक्षक म्हणून अधिक जवळची वाटली. पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी. तिने ‘वॉटपॅड’ या ठिकाणी ‘द किसिंग बूथ’ ही कथा भागाभागाने लिहिली. सतराव्या वर्षी मोठ्या प्रकाशनसंस्थेशी तिचा करार झाला आणि २०१८ साली त्या कथेवर चित्रपट आला. एवढे होऊनही तिने शिक्षण सोडले नाही. विद्यापीठात जाऊन पदार्थविज्ञान शिकली. लिहिण्याने अभ्यास बुडतोच असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे. अमेरिकेतील अ‍ॅना टॉड या बाईंनी तर २०१३ मध्ये आपली ‘आफ्टर’ ही कादंबरी मोबाईलवरच लिहिली. पुढच्याच वर्षी तिचे पुस्तक निघाले, २०१९ मध्ये चित्रपट. कोरियात याच्याही आधी, १९९९ मध्ये, एका तरुणाने आपल्या मैत्रिणीच्या गमतीजमती संगणकाच्या फलकावर लिहिल्या, त्यावरचा ‘माय सॅसी गर्ल’ हा चित्रपट २००१ साली सर्व आशियाभर गाजला. आणि जपानात २००७ साली सर्वाधिक खपलेल्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळ मोबाईलवर लिहिलेल्या होत्या.

आणखी एका इंग्लिश बाईंची कादंबरी याच मार्गाने आली आणि तिच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. परंतु तिचा विषय या सभेत काढण्याजोगा नाही. खप झाला म्हणजे माल चोख, असे मी म्हणत नाही. यंत्रमागाच्या नकली साड्या किती खपतात हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे?

मात्र हे सारे अगदीच अघटित आहे असे समजू नये. आपल्या मराठीत हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूची कहाणी आधी त्यातच आठवड्या-आठवड्याने आली, आणि घरोघरी लोक पुढच्या अंकाची वाट पाहत. पुस्तक मागाहून झाले. नारायण हरि आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात कंपनीने १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला, तो आपल्यापैकी काहींच्या आईवडिलांनी पाहिला असेल. दोन्ही कथा मुलींच्या आहेत, ज्यांचे म्हणणे घरात कोणी ऐकून घेत नव्हते. फरक इतकाच की त्या काळी त्या कथा पुरुषांनी लिहिल्या. आज त्या मुली स्वतः लिहू लागल्या आहेत.

विदर्भाच्या लेखकाला तर या नव्या सोयीचे मोल विशेष वाटले पाहिजे. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून येथे आहे, तरी हस्तलिखिताची पिशवी घेऊन पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचे जिने चढण्याचा प्रसंग येथील लेखकास चुकलेला नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली आणि वऱ्हाडी बोलीत बोलणारी कौतिक मराठी साहित्यात मानाने बसली. ती दारे उघडली खरी, पण प्रत्येकासाठी नव्हे. मी स्वतः १९९६ साली बालकथांचा एक संग्रह पदरमोड करून छापला. प्रती ५००. पैकी साडेतीनशे अद्याप दिवाणाखाली गठ्ठ्यांत आहेत आणि वाळवीने त्यांचे वाचन माझ्या आप्तेष्टांहून अधिक आस्थेने केले आहे. आजच्या मुलीला हा खर्च नाही. तिच्याकडे कोणी ‘पुस्तक काढून देतो’ म्हणून पैसे मागू लागला, तर मात्र माझ्या दिवाणाखालचे गठ्ठे तिला दाखवावे.

आता खरा मुद्दा सांगतो, आणि तो आपण विणकर आहोत म्हणून आपणांस लवकर कळेल.

आपल्या आजोबांच्या काळी माग घरचा असे. ताणा-बाणा घरच्या हातांचा, धोटा घरचा. सूत मात्र व्यापाऱ्याकडून उधारीने येई आणि तयार लुगडे त्याच्याच पेढीवर जाई. नागपुरी लुगड्याची कीर्ती दूरवर गेली, पण पदरावर विणकराचे नाव कधी आले नाही. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कित्येकांचा घरचा मागही गेला. माणूस दुसऱ्याच्या मागावर उभा राहिला. ती मिलही २००२ मध्ये बंद पडली. भोंग्याची आठवण काढणारे वृद्ध या सभेतही आहेत.

कथांच्या या नव्या बाजारात माग कोणाचा, हे पाहावे. २०२१ साली वॉटपॅड ही संस्था कोरियातील एका कंपनीने सुमारे ६० कोटी डॉलरला विकत घेतली. त्या संस्थेजवळ विकण्यासारखे मुख्य काय होते? जगभरच्या शाळकरी मुलींनी रात्री जागून फुकट लिहिलेल्या कथा आणि त्या वाचणारा समुदाय. ज्या थोड्यांची पुस्तके व चित्रपट झाले त्यांची नावे आपण ऐकतो. बाकी लक्षावधींनी विणले ते पेढीवर जमा. आपल्याकडेही ‘मेलुहाचे मृत्युंजय’च्या मूळ इंग्रजी कादंबरीचे उदाहरण आहे. मोठ्या प्रकाशकांनी नाकारल्यावर २०१० साली तिच्या लेखकाने, अमीश त्रिपाठी यांनी, पहिले प्रकरण दुकानांतून फुकट वाटून वाचक मिळविला, मग वेस्टलँड या प्रकाशनाने ती हाती घेतली आणि ती लाखोंनी खपली. त्याच वेस्टलँडला तिचे मालक अ‍ॅमेझॉन यांनी २०२२ मध्ये टाळे लावण्याचे ठरविले. तेव्हा तेथील माणसांना आश्रय कोणी दिला? प्रतिलिपीने. पेढ्या अशा उघडतात आणि मिटतात; लेखकाने आपला हक्क आपल्या गाठीस बांधलेला बरा.

तो हक्क कायद्याने दिला आहे. १९५७ च्या कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणे लिहिता क्षणीच लेखक आपल्या कृतीचा धनी होतो; कोठे नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे घरा-शेताप्रमाणे ही वारसांची मिळकत आहे. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता हक्क दिला असे मानतात. म्हणून ‘कायमचे’ आणि ‘सर्व जगात’ हे शब्द दिसले की सही करणारा हात थांबला पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने असेही झाले आहे की चित्रपटात घेतलेल्या वाङ्मयकृतीचा, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतर उपयोग झाला तर त्याच्या स्वामित्वधनात लेखकाचा समान वाटा राहतो, आणि तो वाटा वारस किंवा लेखकांची हक्कसंस्था यांच्यावाचून कोणास लिहून देता येत नाही. मोबाईलवर ‘मान्य आहे’ असे बटण असते. आपली मुले ते न वाचता दाबतात. पूर्वी आपले वडील पेढीवर न वाचता अंगठा उठवीत, त्याची मला आठवण होते.

आता माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. त्यावाचून त्या गृहस्थांना उत्तर देण्याचा मला अधिकार नाही.

सन १९८९ असावे. सातवीचा वर्ग, गणिताचा तास. मागच्या बाकांवरून एक वही हातोहात फिरत असलेली मी पाहिली आणि जप्त केली. एका मुलीने तीत गोष्ट लिहिली होती. रोज तीन-चार पाने, आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी ‘राहिलेले उद्या’. वर्गातल्या मुली दुसऱ्या दिवसाची वाट पाहत. मी दोन पाने चाळली, त्यात घरातून पळून गेलेल्या एका मुलीचा उल्लेख दिसला, आणि पुढे न वाचता वही तिच्या वडिलांच्या हाती दिली. ते माझ्या परिचयाचे, आपल्याच समाजाचे. त्यांनी माझ्यादेखत ती चुलीत घातली आणि मला चहा दिला. मी तो प्यालो. त्या वेळी मला आपण कर्तव्य केले असेच वाटले होते.

ती मुलगी आज पन्नाशीच्या जवळ आहे. गेल्या वर्षी इतवारीत एका लग्नात भेटली, वाकून नमस्कार केला. मी धीर करून वहीची आठवण काढली आणि माझे चुकले असे म्हणालो. ती हसली. म्हणाली, “गुरुजी, त्याचे काही नाही. पण एक विचारू? ती मुलगी पळून कुठे गेली होती, ते तुम्ही वाचले होते का? मला आता काही केल्या आठवत नाही.”

मी वाचले नव्हते.

तेव्हा, ज्या गृहस्थांनी मला प्रश्न केला त्यांना माझे उत्तर असे की मोबाईल काढून घेऊ नये. बाराची वेळ दहावर आणावी, हे योग्य. अनोळखी वाचकांना घराचा पत्ता अथवा छायाचित्र देऊ नये, हे तिला समजावून सांगावे. आणि तिने लिहिलेले आपण वाचावे, आवडले नाही तर तसे सांगावे, पण शेवटपर्यंत वाचून मग सांगावे. लिहिलेल्या प्रत्येक भागाची एक प्रत तारखेसह तिने आपल्याजवळही ठेवावी.

चिटणीसांना माझी सूचना आहे की पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वधूवरांच्या यादीची चार पाने कमी करून (यादी दरवर्षी तीच असते) तेथे आपल्या मुलामुलींच्या कथा छापाव्या, त्यांच्या खऱ्या नावांनिशी. आणि ज्ञातीतील वकीलमंडळींपैकी एकाने महिन्यातून एक दिवस करारपत्रे वाचून देण्याचे मनावर घ्यावे.

मी दर रविवारी सकाळी १० ते १२ मंडळाच्या कार्यालयात बसतो. आपला प्रश्न केलेल्या गृहस्थांनी येत्या रविवारी कन्येस घेऊन यावे. मोबाईल सोबत असू द्यावा. मला पहिल्या भागापासून वाचायचे आहे.