नशीब आणि हिशेब
(पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गणितावर भाषण म्हटले की मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या होतात, हे मला ठाऊक आहे. पण आजचे गणित आपल्या बारामती-इंदापूरच्या शेतातले, बाजारातले आणि घरातले आहे. त्याचे नाव संभाव्यता. उद्या काय होईल हे माणसाला कळत नाही. पण न कळणाऱ्या गोष्टीचाही हिशेब मांडता येतो, एवढेच हे शास्त्र सांगते.

प्रथम पावसाकडे पाहू. आपले दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाची सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. निरा डाव्या कालव्याने काही पट्टा बागायती झाला. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमाकाठही पालटला. पण जिराईत शेतकरी आभाळाकडेच पाहतो. त्याला नुसती सरासरी सांगून काय उपयोग? १९७२ चा दुष्काळ त्या सरासरीत मिसळला की दिसेनासा होतो. किती वर्षे पाऊस फार कमी पडला, किती वर्षे बेताचा, किती वर्षे भरपूर, ही सारी विभागणी समोर हवी. तिलाच संभाव्यता-वितरण म्हणतात. सरासरी म्हणजे एक आकडा. वितरण म्हणजे पूर्ण चित्र.

आता बाजारात चला. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. माझे एक चाचा दर आठवड्याला तिकीट घेत. "एक दिवस आपलाही येईल," असे म्हणत. तो दिवस आला नाही. मुलाच्या फीची तारीख मात्र दर वर्षी आली. त्यांना मी पुढे हे उदाहरण सांगितले होते. समजा, एक रुपयाची हजार तिकिटे आहेत. बक्षिसे अशी : एक चारशे रुपयांचे आणि दहा वीस-वीस रुपयांची. सगळी मिळून सहाशे रुपये. म्हणजे एका तिकिटाचे अपेक्षित मूल्य साठ पैसे. पटत नसेल तर सगळीच तिकिटे विकत घ्या : हजार रुपये जातील, सहाशे परत येतील. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट सोडलेल्या जुगाराची रक्कम कशी वाटावी यावर पत्रव्यवहार केला आणि या शास्त्राचा पाया घातला. जुगाऱ्यांच्या प्रश्नातून निघालेले हे गणित जुगाऱ्यालाच सांगते की, बाबा रे, तुझा हिशेब तोट्याचा आहे.

मग शेतीसुद्धा जुगारच नव्हे काय? नाही. लॉटरीत आपल्या डोळसपणाने काही बदलत नाही; शेतीत बदलते. रब्बी ज्वारीचे उदाहरण घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत. दहा वर्षांत सहा वेळा पीक आले, एकरी चार हजार नफा झाला. चार वेळा बुडाले, दोन हजार तोटा झाला. दहा वर्षांचे सोळा हजार, म्हणजे वर्षाला सोळाशे. आता सप्टेंबरच्या पावसाची नोंद शेजारी ठेवा. चांगला पाऊस सहा वर्षे झाला. त्यांपैकी पाच वर्षे पीक आले. उरलेल्या चार वर्षांत पीक एकदाच आले. म्हणजे पीक येण्याची शक्यता एरवी दहांत सहा. पण 'सप्टेंबरचा पाऊस झाला असेल तर' सहांत पाच, आणि 'झाला नसेल तर' चारांत एक. या 'तर'लाच सशर्त संभाव्यता म्हणतात. ज्याने कोरड्या वर्षी पेरणी टाळली त्याला दहा वर्षांत अठरा हजार मिळाले, आणि तोट्याची वर्षे चारावरून एकावर आली. आभाळ तेच, जमीन तीच; फक्त माणसाने पाहून पाऊल टाकले.

आता ज्यासाठी मी उभा आहे तो मुद्दा. सातवी-आठवीनंतर मुलाला गॅरेजवर किंवा दुकानात पाठवायचे ठरले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "अमुक शेठ चौथी नापास, तरी लखपती झाले. शिकून काय होते?" मुलीच्या बाबतीत तर एवढे कारणही लागत नाही. पालकहो, या वाक्यात गणिताची चूक आहे. लॉटरी लागलेल्या प्रत्येकाने तिकीट घेतलेले असते. म्हणून तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला लॉटरी लागते काय? तसेच येथे. 'श्रीमंतांपैकी किती जण न शिकलेले?' हा एक प्रश्न. 'न शिकलेल्यांपैकी किती जण श्रीमंत झाले?' हा अगदी वेगळा प्रश्न. तुमच्या लेकराचे भवितव्य दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि आपण उत्तर पहिल्याचे देतो. एक शेठ सर्वांना दिसतात. त्यांच्याबरोबर शाळा सोडलेले बाकीचे कोणी मोजत नाही.

शिक्षण म्हणजे हमी, असे मी म्हणणार नाही. पदवी घेऊन घरी बसलेली मुलेही आपल्यात आहेत. सप्टेंबरचा पाऊस पडूनही एखादे वर्ष ज्वारी जातेच. म्हणून कोणी 'पाऊस नकोच' म्हणत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एक घरचा अभ्यास देतो. वहीच्या पानावर चार चौकोन आखा. वर दोन रकाने : दहावी झालेले, न झालेले. बाजूला दोन ओळी : कायम कमाई असलेले, नसलेले. आपल्या मोहल्ल्यातील तिशीच्या पुढची पन्नास माणसे, नावे न लिहिता, त्यांत मोजा. मग प्रत्येक रकान्यात कायम कमाईचे किती, ते पाहा. पन्नास माणसांवरून सारे सिद्ध होत नाही. ज्याच्या घरी आधीच बरे होते तोच शिकू शकला, असेही असेल. तरी ते पान अब्बांना आणि अम्मीला दाखवा. नशीब कोणाच्या हाती नाही. पण मोजणे आपल्या हाती आहे.