पुठ्ठ्याचा रणगाडा



आज आपण रणगाडा करायचा आहे. खरा नव्हे, पुठ्ठ्याचा. हसू नका. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस पलटणीत असतो. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाला तर लोक 'आपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, त्या एका गावचे ४६ जवान कामी आले.

"पोरगा रणगाड्यावर आहे," असे आई शेजारणीला सांगते. पण पोर आत कुठे बसते, हे तिला कोणी दाखवलेले नसते. फोटोत नुसते बाहेरचे लोखंड दिसते. म्हणून हा खटाटोप.

तलाठ्याकडचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. सगळे गाव एका कागदावर मावते. तरी कोणाचा बांध कुठे, ते बरोबर कळते. का? सगळे एकाच मापाने लहान केलेले असते. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, तिथे मावळा बुरुजाएवढा असतो आणि वाघ घोड्याहून मोठा! किल्ल्यावर ते शोभते. आपल्या कामात चालायचे नाही.

आपण 'अजेय' रणगाडा घेऊ. मूळचा हा रशियाचा, टी-७२. पुढे तो आपल्याकडे चेन्नईजवळ आवडी येथे बनू लागला. वजन सुमारे ४१ टन. इंजिन ७८० घोड्यांच्या ताकदीचे. एवढे धूड, पण उंची जेमतेम सव्वादोन मीटर. शत्रूच्या नजरेत चटकन भरू नये, म्हणून तो असा बसका केला आहे.

आता माप. खऱ्याचा एक मीटर म्हणजे आपले दोन सेंटिमीटर. तोफेच्या नळीसकट तो साडेनऊ मीटर लांब आहे. आपला होईल १९ सेंटिमीटर. नळी सोडली तर अंग १४ सेंटिमीटर. रुंदी सात सेंटिमीटरांहून जराशी जास्त, उंची साडेचार. याच मापाने माणूस केला तर तो साडेतीन सेंटिमीटरांचा भरतो. पट्टी हातात असू द्या. अंदाजाने कापलेला पुठ्ठा फुकट जातो.

पुठ्ठा खळीने चिकटवा. चाके एका बाजूला सहा, दोन्ही मिळून बारा. त्यांना कोटाची दीड सेंटिमीटरची गुंडी अगदी मापात बसते. चाकांवरून साखळीचा पट्टा फिरतो. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. तोफेची नळी म्हणून पेनाची संपलेली कांडी घ्या.

रंगाची घाई करू नका. खळ रात्रभर वाळू द्या. हिरव्यात थोडा काळा आणि थोडा पिवळा मिसळा, म्हणजे शेवाळी रंग होतो. दोन पातळ हात द्या. चकचकीत रंग मात्र नको. उन्हात चमकणारा रणगाडा लांबून दिसतो, मग आतल्यांची धडगत नाही. वाळला की चाकांवर कोरडी धूळ चोळा. पण आपली कृष्णाकाठची काळी माती नको बरं का! पोरगा राजस्थानात असेल तर पिवळसर वाळूच हवी.

वरचा घुमट मात्र चिकटवू नका, नुसता ठेवा. उचलला की आत पाहता आले पाहिजे. आत माणसे तीनच. चालवणारा पुढे, मधोमध. घुमटात डावीकडे तोफ चालवणारा, उजवीकडे त्यांचा प्रमुख. गोळा भरायचे काम यंत्र करते, म्हणून चौथा नाही. तिघांच्या जागी खडूने तीन खुणा करा. पोरगा सुट्टीवर आला की त्यालाच विचारा, यातली तुझी कोणती? आणि ती खूण आईला बोट लावून दाखवायला सांगा.